बरणीतली दाढी

लॅबमधल्या बाईंनी एका विवाहित माणसाची दाढी काचेच्या बरणीत घालून कपाटात जपून ठेवली आहे, अशी कुजबूज एके काळी आमच्या रेझिनच्या कारखान्यात होती. पॅकिंगवाल्यांच्या मते ते वशीकरण होतं. हिशेबखातं म्हणे, छे, ती प्रेमाची खूण. गेटवरच्या वॉचमनला दोन्ही मतं पटत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो ती तिखटमीठ लावून ऐकवी. बरणी होती, यात वाद नाही. निळं झाकण, आत करडे केस, आणि बाहेर चिकटवलेल्या कागदावर टपोऱ्या अक्षरांत ‘दाढी’.

दाढीचा मालक म्हणजे आमचा झुडूप. हे नाव त्याला कुणी ठेवलं ते आता कुणी कबूल करत नाही. कॉलेजात असताना त्यानं दाढी वाढवली ती बोलायचं टाळण्यासाठी असावी, कारण तोंड कुठे आहे हेच दिसत नसल्यामुळे लोक त्याला फारसं काही विचारत नसत. विचार करताना तो दाढी कुरवाळायचा. खलबत्त्यात खडे कुटतानाही कुरवाळायचा. प्रत्येक बाटली उघडून तिच्यात नाक घालून हुंगायची, ही आणखी एक खोड. बायकोनं त्याची हनुवटी लग्नाच्या आधीही पाहिली नव्हती आणि नंतरही.

त्याचं काम हार्डनरचं. इपॉक्सी रेझिन नुसतं ठेवलं तर पाकासारखं चिकट राहतं. त्यात हार्डनर पडला आणि उष्णता मिळाली की ते दगडासारखं होतं. झुडूप हा हार्डनर फिनॉलपासून बनवी. रेडिओ-टीव्हीच्या पोटात हिरव्या पाट्या असतात ना, त्या बनवणारे लोक काचेचं कापड रेझिन आणि हार्डनरच्या द्रावणात बुडवतात, सुकवतात आणि दाबतात. झुडूपचा हार्डनर वापरलेली पाटी वितळलेल्या कथलातही फुगत नसे. एवढं सगळं छान. फक्त हवा गार झाली की हार्डनर द्रावणात राहायला तयार नसे. पिंपाच्या तळाशी पांढरे स्फटिक बसत, वर नुसतं पाणचट द्रावण उरे, आणि पिंप परत आमच्या दारात.

एका हिवाळ्यात इतकी पिंपं परत आली की सायकली लावायला जागा उरली नाही. मोठ्या साहेबांनी झुडूपला बोलावलं.

“पुढच्या हिवाळ्यात एक जरी पिंप परत आलं, तर हा माल बंद. आणि तू विक्रीखात्यात.”

“विक्रीत? साहेब, तिथे तर बोलावं लागतं.”

“म्हणूनच.”

झुडूपला फाशी परवडली असती. विक्रीखात्यातले लोक गिऱ्हाइकांच्या सासवांचीसुद्धा विचारपूस करतात, हे त्यानं ऐकलं होतं.

त्याच सुमारास लॅबमध्ये नव्या बाई आल्या. वयानं लहान, पण जीभ पूर्ण वाढलेली. दोघांनी मिळून द्रावणाच्या बाटल्या भरल्या आणि शीतपेटीत ठेवल्या. वरची फळी झुडूपची, खालची बाईंची. रोज काढायच्या, पाहायच्या, परत ठेवायच्या. काही आठवड्यांनी बाई त्याच्या टेबलाशी आल्या.

“सर, रागावणार नसाल तर एक बोलू?”

“हं.”

“माझ्या बाटल्या स्वच्छ आहेत. तुमच्या सगळ्या बसल्या. माल एकाच घाण्यातला.”

“वरची फळी जास्त गार असेल.”

“नव्या बाटल्या भरून फळ्यांची अदलाबदल करून पाहिली मी. दोष तुमच्या मागोमाग खाली आला.”

“म्हणजे माझ्यात दोष?”

“तुमच्यात नाही हो. दाढीत.”

झुडूपनं सवयीनं दाढी कुरवाळली. बाईंनी टेबलावर काळा कागद पसरला, हातात कंगवा दिला. कागदावर पांढरी धूळ पडली. ती त्यांनी एका स्वच्छ बाटलीत टाकली. दुसऱ्या दिवशी त्या बाटलीच्या तळाशी पांढरा थर होता.

त्याचं असं असतं: गार द्रावणातले रेणू आधीच बसायला टेकलेले असतात, पण पहिलं कुणी बसायचं यावर अडलेले. एक बसलेला दिसला की बाकीचे भराभर त्याच्या शेजारी रांग लावतात. हार्डनरचे खडे कुटताना झुडूपच्या दाढीत असले बसलेले पुष्कळ जमले होते, पाण्यानं न जाणारे, आणि हुंगताना तो ते बाटलीबाटलीत वाटत होता.

रविवारी झुडूप न्हाणीघरातून बाहेर आला. बायको भाजी निवडत होती.

“अगंबाई! कोण पाहिजे आपल्याला?”

“मीच आहे.”

तिनं आवाजावरून ओळखलं. “हे कुणाच्या सांगण्यावरून?”

“लॅबमधल्या बाई म्हणाल्या.”

“असं का! मी इतकी वर्षं सांगत होते, तेव्हा नाही सुचलं?”

“तू नुसती टोचते म्हणायचीस. त्यांनी कारण दिलं.”

आयुष्यातलं त्याचं हे सगळ्यात लांब भाषण, आणि सगळ्यात महाग पडलेलं. त्या आठवड्यात त्याचा डबा फार हलका येत होता.

मात्र बाटल्या स्वच्छ राहिल्या. झुडूप पिंपं भरायला निघाला, तर बाई आडव्या आल्या.

“सर, गिऱ्हाइकाकडे कुणालाच दाढी नसेल का? साधा धुळीचा कण पडला तरी माल बसेल.”

“मग मी दाढी कशाला काढली?”

“दोष कळला की! आता माल असा करायचा, की दाढी पडली तरी बसणार नाही.”

तो चिडला, पण बाईंचं बरोबर होतं. सगळे रेणू एकसारखे, म्हणून रांग लागते. त्यानं फिनॉलच्या जोडीला लांब शेपटीचा दुसरा फिनॉल घालून हार्डनर शिजवला. आता कुणाची शेपटी कुणाच्या वाटेत आल्यामुळे कुणालाच धड बसता येईना. शेपटीवाला जास्त झाला की पाटी कथलात फुगे. कमी झाला की बाटली बसे. प्रमाण थोडं थोडं बदलत त्यानं उन्हाळा घालवला, पावसाळाही घालवला. दर नव्या बाटलीत बाई चिमट्यानं बरणीतला एक केस सोडत. बरणीची बातमी फुटली ती याच काळात, लॅब झाडणाऱ्या मावशींकडून.

हिवाळ्याच्या तोंडावर एक बाटली अशी निघाली, की केस आत तरंगत होता आणि द्रावण मधासारखं पारदर्शक. त्याच मालाची पाटी कथलात बुडवली. फुगली नाही. पिंपं गेली. थंडी सरली, एकही परत आलं नाही. विक्रीखात्याचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि झुडूप निवृत्त होईपर्यंत लॅबमध्येच राहिला. दाढी त्यानं पुन्हा ठेवली नाही.

बरणी बाईंना त्याच्या बायकोनं दिली. ‘कारण देणाऱ्या’ बाईंना पाहायला ती एकदा कारखान्यात आली होती. बाईंनी तिला बसलेल्या बाटल्या दाखवल्या आणि दाढी टाकून दिली का, ते विचारलं. तिनं ती झाडून कागदात बांधून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी घरातल्या रिकाम्या बरणीत घालून तिनं ती पाठवली. वरचं अक्षर तिचंच.