भेट अंगणात होईल

राजूरच्या वरच्या डोंगरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की लोक त्याला भेटायला येत. बघायला नव्हे, भेटायला. येताना पुडीत बत्तासे आणायचे, नाहीतर खोबऱ्याची वाटी. उशाशी बसायचं, दोन उसासे टाकायचे आणि उठताना म्हणायचं, "भेट झाली, बरं झालं." त्या एका वाक्यात निकाल लागलेला असे. मग बिचारं आजारी माणूसही तो निकाल निमूट मान्य करी. मला या प्रकाराची मनस्वी चीड होती, आणि आज इतक्या वर्षांनी आठवलं तरी ती चीड तशीच ताजी आहे.

नर्सिंग संपवून मी नुकतीच त्या गावात रुजू झाले होते. मी नगरकडची, सपाटीवरची पोर. सरकारनं औषधांची पेटी दिली होती, पांढरी साडी दिली होती, राहायला जागा मात्र दिली नव्हती. ती दिली एका म्हातारीनं. कुडाच्या भिंतींचं तिचं घर, पुढं पडवी; त्या पडवीत माझी खाट पडली. पहिल्याच दिवशी तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "लगीन न्हाई, मालक न्हाई, आन् डोंगरात कशाला मराया आलीस गं?" मी म्हटलं, "आजी, मरायला नाही, तुम्हाला मरू न द्यायला आले." तेव्हापासून आमचं जमलं.

तिचं वय किती, हे तिला ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. डोक्यावर हिरड्याचं ओझं घेऊन ती राजूरच्या बाजाराला उतरायची आणि मी मोकळ्या हातांनी तिच्यामागे धापा टाकत जायची. "शिस्टर, पाय हायेत का शेवग्याच्या शेंगा?" असं वर ऐकून घ्यायची.

ते दुष्काळाचं साल होतं. तिचा मुलगा आणि सून दिवस उजाडायच्या आत दुष्काळी कामावर जात, रस्त्यासाठी खडी फोडायला. उशीर झाला की हजेरी बुडे. मी वाड्यावाड्या पालथ्या घालून संध्याकाळी परते. म्हातारी दिवसभर घरात एकटी. एकदा माळ्यावरची बियाण्याची नागली काढायला ती शिडीवर चढली आणि पाय सटकून खाली आपटली. मी घरी आले तेव्हा ती शिडीखाली कुशीवर पडलेली, आणि सांडलेली नागली पडल्या जागेवरून एका हातानं गोळा करत होती.

झोळी करून तिला राजूरला उतरवली, तिथून जीपनं संगमनेरला नेऊन कमरेचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, "हाड शाबूत आहे. मुका मार आहे. चार दिवस पडू द्या, मग उठवा, चालवा. पडूनच राहिली तर मात्र पुन्हा उठायची नाही." दुखण्यावर गोळ्या दिल्या आणि निरोप दिला. मला तर आनंदानं नाचावंसं वाटलं. पण तिच्या मुलाचं तोंड उतरलेलं.

"शिस्टर," तो हळूच म्हणाला, "पलास्टर न्हाई केलं. सुईबी न्हाई मारली. म्हंजी डाक्टरनं हात टेकलं."

मी वाटभर समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी! सुई मारली नाही म्हणजे आशा उरली नाही, ही बातमी आमच्या आधी डोंगर चढून गावात पोचली. दुसऱ्या दिवसापासून भेटणाऱ्यांची रीघ लागली.

आणि एवढी तोंडाळ बाई, तीही त्या उसाशांखाली दबत गेली. चार दिवस झाले, आठ झाले, उठायचं नाव नाही. "आता कशाला उठवतीस," म्हणे. गोधडीवरून हलेना. पाठीवर लाली धरू लागली. सगळ्यांत वाईट म्हणजे तिनं खाणं-पिणं तोडलं. सून सकाळी पेज ठेवून जाई, ती संध्याकाळी तशीच. मी रागावले तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "खाल्लं की भायेर जावं लागतं. पानी पेलं की जावं लागतं. दिसभर घरात कोन हाय मला न्यायाला?"

म्हातारीनं आपला हिशेब आपणच मांडला होता. कुणाला त्रास नको म्हणून ती स्वतःला वाळवत होती. मी पडवीत जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. दुःखानं कमी, संतापानं जास्त.

संतापाच्या भरात मी वाड्यांच्या फेऱ्या लांबणीवर टाकल्या आणि दारात उभी राहून भेटायला येणाऱ्यांना परत धाडू लागले. राहायचं त्यांच्या गावात आणि भांडायचं त्यांच्याशीच, म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. संध्याकाळी दोन कारभारी मंडळी अंगणात येऊन उभी. "मान्सानं मान्साला भेटू न्हाई, ह्यो कुठला कायदा?" मुलगा हात जोडून म्हणाला, "शिस्टर, तुमी लई केलं आमच्यासाठी. पन लोकं आमच्या दाराला येनं सोडतील वो." त्याचंही खोटं नव्हतं. झोळी खांद्यावर घेऊन डोंगर उतरली होती ती हीच माणसं.

खांदे! रात्री भांडी घासताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरात तिला धरायला कोणी नाही म्हणून मी कपाळ बडवत होते, आणि दिवसभर त्याच घरात धडधाकट माणसं येऊन तिच्याभोवती नुसती बसत होती.

सकाळी मी कडक पांढरी साडी नेसले आणि गावभर सांगत फिरले, की सरकारचा नवा नियम आला आहे. आजारी माणसाला अंथरुणात भेटायचं नाही. भेट उंबऱ्यावर होईल. ज्याला भेटायचंय त्यानं माणसाला धरून उंबऱ्यापर्यंत आणायचं. धडधडीत खोटं बोलले, आणि अजिबात लाज वाटली नाही.

पहिल्या आल्या तिच्या दोन भावजया. बत्तासे हातात धरून दाराबाहेर गोंधळून उभ्या. मी आत नेऊन त्यांना काखेत हात घालून कसं उठवायचं ते दाखवलं. म्हातारीनं जो शिव्यांचा पट्टा सोडला! "मुडदा बशिवला तुजा! सटवे, मरू दे की मला सुखानं!" मी म्हटलं, "मरा, पण उंबऱ्यावर." दोघींच्या खांद्यावर लोंबकळत, कण्हत, शिव्या देत ती उंबऱ्यापर्यंत आली आणि टेकली. कैक दिवसांनी अंगावर ऊन पडलं. भावजयांनी चहा केला. तिनं तो सगळा पिऊन टाकला, कारण धरून न्यायला दोघीजणी समोरच होत्या. नंतर त्याच तिला घरामागं घेऊन गेल्या. माझ्या दृष्टीनं त्या दिवशी गड सर झाला होता.

मग मी नियम पुढं सरकवत नेला. उंबऱ्यावरची भेट ओट्यावर आली, ओट्यावरची गोठ्याच्या मेढीच्या खांबापाशी, आणि शेवटी अंगणाच्या कडेच्या जांभळीखाली. गंमत अशी, की भेटणारे घटायच्याऐवजी वाढले. म्हातारी कुठवर आली हे बघायला लोक वाकडी वाट करून येऊ लागले. एक आजोबा सवयीनं डोळ्याला पंचा लावून बसले, तर ती खेकसली, "रडतोस काय, हात धर!" शिव्या परत आल्या तशी मला तिची काळजी वाटेनाशी झाली. पण खांदा सोडून ती अजून एकही पाऊल टाकत नव्हती.

तेवढ्यात तिची विहीण आली, लेकीची सासू. लेकीच्या लग्नातल्या मानपानापासून दोघींमधून विस्तव जात नव्हता. ही शेर तर ती सव्वाशेर. विहीण जांभळीखाली बसली, नियम ऐकून घेतला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमी हितंच बसतो बाई. इहीनबाईंना झेपत आसंल तर येतील. न्हाई तर रामराम घालतो आन् जातो."

मी आत धावले, हात पुढं केला. म्हातारीनं तो झटकला. "सोड. त्या बाईम्होरं मी दुसऱ्याच्या गळ्यात पडून जानार न्हाई."

भिंत धरून ती उठली. पदर सारखा केला. ओटा उतरली आणि कुणाचाही आधार न घेता अंगणात पाऊल टाकलं. मग दुसरं. मधोमध आल्यावर तिचा तोल गेला, झुकली, आणि आम्ही सगळे धरायला उठलो. तशी विहीण कडाडली, "बसा खाली समदी! कुनी हात लावायचा न्हाई. येत्यात त्या."

आणि ती आली. जांभळीपाशी येऊन विहिणीच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा धापा टाकत होती, पण मान ताठ. विहिणीचा तो आवाज कुठल्या कुठं गेला. तिला मिठी मारून ती घळाघळा रडायला लागली. "मी तर तुमाला शेवटचं भेटाया आल्ते हो!"

"मंग तुमची खेप फुकट गेली," म्हातारी म्हणाली.

सगळं अंगण खदखदून हसलं. मी हसत होते, रडत होते, आणि विहिणीच्या पाया पडावं की काय या विचारात होते. पुढं तो नियम माझ्या हातात राहिला नाही. आसपासच्या वाड्यांतही म्हातारं माणूस आजारी पडलं की लोकच म्हणू लागले, आत भेटायचं न्हाई, सरकारचा कायदा हाय. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेल्यांना वगळण्यासाठी मला उलट पळापळ करावी लागली. पण कितीतरी म्हातारे-म्हाताऱ्या त्या खोट्या कायद्यानं पायांवर उभ्या राहिल्या, आणि त्याचं श्रेय मी आयुष्यभर मिरवलं आहे.

त्या दिवशी संध्याकाळी मुलगा आणि सून कामावरून परतले. अंगणात घडलेलं त्यांना ठाऊक नव्हतं. वाटेत कोणी भेटलंही नसावं. मी पडवीत कंदिलाची काच पुसत होते. घरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मुलानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग बायकोकडं. दोघीही बाहेर, मग आत कोण? तो दारात गेला आणि खिळून उभा राहिला. चुलीपुढं त्याची आई बसली होती.

"बगतोस काय? हातपाय धू. भाकर तव्यावर हाय," ती मागं न बघता म्हणाली.

एवढा दगड फोडणारा बाप्या, मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. सून पुढं झाली, परातीला हात घालणार, तर म्हातारीनं तिला मागं सारलं.

"बस तू. दिसभर खडी फोडून आलीस. आज मी वाढते."

तिनं आम्हा सगळ्यांना वाढलं. मग स्वतःच्या ताटात अख्खी भाकरी घेतली, तिच्यावर कालवण ओतलं, पोटभर जेवली, आणि वर तांब्याभर पाणी गटागटा प्याली.