तांदळात ठेवलेली रीड

माझे यजमान फौजेच्या बॅन्डमध्ये बॅगपाइप वाजवायचे. आता आम्ही कोलकात्याला मुलाकडे असतो आणि ते नातीला तिच्या शाळेच्या बॅन्डसाठी शिकवतात. बॅगपाइपच्या नळीत वेताची दोन पातळ पानं एकत्र बांधून बसवलेली असतात. तिला रीड म्हणतात. सूर तिच्यातून निघतो.

इथल्या दमट हवेत तिला बुरशी लागेल असं मला वाटलं. ओल धरणारं सगळं मी तांदळाच्या डब्यात खुपसते. तीही खुपसली, चार दिवस, आणि मग परत नळीत बसवली. कुणाला विचारलं नाही.

शनिवारी शाळेत चाचणी होती. जिचा पाइप बेसूर, तिने तो परत करून झेंडा धरायचा. शुक्रवारी दुपारी नातीने गच्चीवर फुंक मारली आणि वरचे सूर किंचाळले.

"आजोबा, ये क्या हो गया? मला झेंडा नाही पकडायचा!"

ह्यांनी रीड काढून पाहिली. "पार वाळलीय. कुठे होती?"

"तांदळात," मी म्हणाले.

"रीड आहे ती! हरभरे वाटले तुला?"

"ओरडू नका. काय करायचं ते सांगा."

त्यांनी रीड तोंडात धरली. दहा मिनिटं त्यांना बोलता आलं नाही, ते बरंच झालं. पण ओली होऊनही वरचा सूर चढाच राहिला. खालच्या मजल्यावरची बाई येऊन, आणखी किती वेळ, असं विचारून गेली.

"रीड नळीत केसभर वर बसली की सूर उतरेल," ते म्हणाले. "बुडाशी दोरा वाढवायचा."

त्यांची बोटं दोन वर्षांपासून थरथरतात. मेण लावलेला दोरा तीनदा सुटला. पोरगी त्यांच्याकडे न बघता टाकीकडे बघत राहिली. मी त्यांच्या हातातून रीड घेतली.

"दोन वेढे. घट्ट."

तिने वाजवलं. वरचा सूर आता उतरला.

"जास्त झाला. एक सोड."

सोडला. ह्यांनी डोळे मिटून ऐकलं, पुन्हा वाजवायला लावलं आणि म्हणाले, "आता हात लावू नकोस."

शनिवारी ती पाइप घेऊनच घरी आली. मधल्या रांगेत जागा मिळाली होती. ह्यांनी रांगेचं काही विचारलं नाही.

"वरचा सूर?"

"ठीक होता, आजोबा."

मग तिने दप्तरातून मैत्रिणीची रीड काढली. ती ह्यांनी घेतली, ओठांत धरली आणि मेणाचा दोरा माझ्यापुढे सरकवला.