व्याह्यांचा फोन आणि नव्या फोनमधली बाई

सांगायला लाज वाटते. पण एवढी मोठी चूक पोटात ठेवायची तर पोटही तेवढं मोठं हवं, आणि माझं आता राहिलेलं नाही. तेव्हा ऐका. हसायचं असेल तर शेवटी हसा. मधे हसलात तर मी कुठवर आलो होतो ते विसरतो.

तर, माझ्या पोरानं मला नवा फोन घेतला. साधासुधा नव्हे हो, कंपनीचा सगळ्यात वरचा! दत्ता बारामतीला एमआयडीसीत कामाला असतो. तो म्हणाला, "आबा, ती जुनी कंपनी सोडा आता. ह्यो फोन लई हुशार हाय."

ते मात्र खरं निघालं. घरात माझ्यापेक्षा हुशार अशी माणसं आधीच तीन होती. त्यात ही एक वस्तू वाढली.

माझा जुना फोन दुसऱ्या कंपनीचा होता. बिचारा गव्हाणीत पडला, भिजवलेल्या पेंडीच्या पाटीत बुडाला, एकदा तर म्हशीनं चाटून स्वच्छ केला. तरी 'हॅलो' म्हटलं की पलीकडचं ऐकू यायचं. अक्कल नव्हती, म्हणून कुरकुरही नव्हती. आणि वाजायला लागला की वाजतच राहायचा. माणसानं सावकाश यावं, हात पुसावेत, मग उचलावा.

नव्या साहेबांचं सगळंच निराळं. डबा उघडला तर आत चार्जरच नाही! एवढी मोठी कंपनी, तेवढंच घालायचं विसरली. अंग साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत, हातात ठरेना, म्हणून त्याला वरून रबरी अंगरखा. पाठीला चार डोळे. आणि आपलं तोंड बघितल्याशिवाय उघडायचा नाही! सकाळी थंडीत कानटोपी घालून समोर धरला, तर ओळखच दाखवेना. इतक्या वर्षांच्या संसारात आमच्या मंडळींनीसुद्धा मला असं दाराबाहेर उभं केलं नव्हतं. एकदा केलं होतं, पण त्याला कारण होतं.

"कॅमेरा तर बघा!" म्हणून दत्तानं आमच्या म्हशीचा फोटो काढला. म्हैस अशी तुकतुकीत आली, की तिच्या शेपटीला लागलेलं शेणही दागिन्यासारखं दिसायला लागलं.

मी म्हटलं, "लई भारी. आता ही दूध वाढवंल का?"

दत्तानं गाडीला किक मारली आणि गेला बारामतीला.

आता चुकीकडं येतो.

माझी धाकटी लेक, नंदा, इंदापूरकडं लासुर्ण्याला दिलीय. तिला पहिल्यांदाच दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. पण व्याह्यांनी स्वतःच्या तोंडानं 'न्यायला या' म्हटल्याशिवाय आपण दारात उभं राहायचं नाही, हीही रीतच. त्या एका फोनच्या वाटेकडं आमचं लोणी भापकरचं घर महिनाभर डोळे लावून बसलेलं. मंडळींनी जुनी लुगडी फाडून दुपटी शिवली. डिंक आणला, खारीक आणली. बाजेला नवी सुतळी ओढून घेतली.

आमचे व्याही रंगराव. कॅनॉलच्या पाण्यावरचे बागायतदार, चारी बाजूंनी ऊस. माणूस दिलदार, पण मानाचा फार कडक. मीही मान पाळण्यात कमी नाही. व्याह्यांचा फोन बोडक्या डोक्यानं घ्यायचा नाही, हा माझा नेम. आधी हातपाय धुवायचे, टोपी घालायची, बाजेवर नीट बसायचं, एकदा खाकरायचं, आणि मग फोन उचलायचा. माणूस समोर नसला म्हणून काय झालं? मान तो मान.

एका सकाळी मी धार काढत होतो. घरातून हाक आली, "आवं, फोन! लासुर्ण्याच्या भावजींचा फोटू दिसतोय!"

झालं! आला तो फोन! मी चरवी बाजूला ठेवली. हात धुतले. पाय धुतले. टोपी शोधली, झटकली, घातली. बाजेवर येऊन बसलो, खाकरलो.

तर फोनचं वाजणं बंद! आणि आतून एक बाई बोलतेय.

"नमस्कार. आपण कोण बोलत आहात?"

आवाज म्हणाल तर खडीसाखर. बोलणं थेट पुस्तकातलं.

"मी रंगराव!" तिकडून व्याह्यांचा आवाज.

"आपण कशासंदर्भात फोन केला आहे?"

तिकडून नुसतंच, "आँ?"

आमच्या मंडळींनी मला कोपरानं ढोसलं. "बोला की!"

"अगं, ती दोघं बोलत्यात. मधी तोंड घालू व्हय?"

"फोन तुमचा हाय!"

"आसंल. पर बोलणं त्यांचं हाय."

तुम्हीच सांगा, दोन मोठी माणसं बोलत असताना मधे घुसायचं, हे आपल्याला कुणी शिकवलंय का? मला वाटलं, कंपनीची बाई असेल. एवढा वरचा फोन, तर उचलायला एक बाई देतच असतील. तिचं संपलं की माझ्याकडं देईल.

तिचं संपलं तेव्हा रंगरावांनी फोन ठेवला होता.

लगेच दुसऱ्यांदा वाजला. या वेळी टोपी डोक्यावर तयार! पण काचेवर दोन-तीन ठिकाणी काहीतरी लिहून आलेलं. आता मी शाळा पाहिलेली ती बाहेरून. अक्षरं मला नंदानं शिकवली, तीही सासरी जायच्या घाईत. मी एकेका अक्षरावर बोट ठेवून 'उ… च… ला…' करतोय, तोवर बाई पुन्हा हजर.

"ते सध्या उपलब्ध नाहीत. आपला निरोप ठेवायचा आहे का?"

मी तिथंच बसलेलो! टोपीसकट!

"निरोप?" रंगराव गरजले. "व्याह्यानं व्याह्याला निरोप ठिवायचा? आन त्यो बी तुमच्यापाशी?"

खट्! फोन बंद. मग मी उलटा लावून बघितला. वाजून वाजून थांबला, कुणी उचललाच नाही. मी मंडळींना समजावलं, "त्यांचा फोन साधा हाय ना. उचलायला बाई न्हाई त्यांच्याकडं."

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण दुपारी चहाच्या टपरीवर चारचौघांत माझी छाती फुगली. म्हटलं, "आता आमच्याशी बोलायचं म्हंजी आधी बाईंना नाव-गाव सांगावं लागतंय. म्होरं काम सांगायचं. मग बघू."

"मग आबा, अर्ज दोन प्रतींत द्यायचा, का एक चालंल?" टपरीवाला म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो. मला काय माहीत, त्या हसणाऱ्यांत एकाची सोयरीक लासुर्ण्याला आहे? एसटीला जेवढा वेळ लागतो, तेवढाही त्या बातमीला लागला नाही.

तिसऱ्या दिवशी दत्ता कामावरून थेट घरी आला. उंबऱ्यातूनच म्हणाला, "आबा, काय करून ठिवलं? दाजींचा फोन आलता. नंदीचं बाळंतपण तिकडंच करायचं म्हणत्यात रंगरावमामा. 'तुमच्या घरी यायला परवानगी लागती, आमची सून काय दारात रांग लावणार न्हाई,' असं म्हणाले."

मंडळींच्या हातातलं दुपटं खाली पडलं. एरवी ती ओरडते, त्याची मला सवय आहे. या वेळी ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "पोरगी वाट बघून ऱ्हायली आसंल." आणि दुपटी एकेक करून ट्रंकेत भरायला लागली. ते काही मला बघवलं नाही.

मग दत्तानं उलगडा केला. बाई-बिई कुणी नाही! यंत्र आहे. लोन घ्या, प्लॉट घ्या, असले फुकटचे फोन परस्पर हाकलायला त्यानंच ते चालू करून ठेवलेलं. चार-पाच वेळा वाजून उचलला नाही, की ते आपणहून बोलायला लागतं. म्हणजे बघा, मी मान द्यायला जेवढा वेळ लावणार, तेवढा ते यंत्र अपमान करणार!

"थांबा, बंदच करतो ते," दत्ता म्हणाला.

"नगं! साक्षीदारालाच बंद केलं तर साक्ष कोण दील?"

दुसऱ्या दिवशी बारामतीच्या स्टँडवरून इंदापूरची गाडी धरली. फोन बंडीच्या आतल्या खिशात, त्यावर हात. लासुर्ण्याला पोचलो. रंगराव पडवीत खुर्चीवर बसलेले. पाणी आलं, पण तांब्या जरा जोरानं आदळला.

"या, या! सायेब स्वतः आलं! आमाला नाव-गाव सांगावं लागतंय. तुमचं बरं हाय, सरळ आत."

"रंगराव, ती बाई न्हाई. यंत्र हाय."

"व्हय का? आन मी उसाचं वाडं हाय!"

"खोटं वाटत आसंल तर हितं बसून लावा फोन. मी हात लावत न्हाई."

दारात विहीणबाई आल्या. त्यांच्या पाठीमागं नंदा, पदर तोंडाला लावून. फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि हात जोडून बसलो. रंगरावांनी नंबर लावला. एकदा वाजला. दोनदा. तीनदा. माझ्या टोपीखाली घाम. आज नेमकी ही सुट्टीवर गेली म्हणजे?

"नमस्कार! आपण कोण बोलत आहात?"

आली बाई!

आणि काय सांगू, तो आवाज ऐकताच रंगराव खुर्चीत ताठ झाले. सदऱ्याची गुंडी लावली. "मी… रंगराव बोलत आहे. लासुर्ण्याहून." च्यायला, बोलणंही बदललं!

"नमस्कार, रंगरावजी. आपण कशासंदर्भात फोन केला आहे?"

'रंगरावजी'! त्या पडवीत त्यांना असं कुणी म्हटलं नसेल.

"संदर्भ असा हाय ताई," रंगराव मऊ झाले, "की आमचे व्याही माणूस बरे हायत, पर स्वतःचंच सांगत बसत्यात. लग्नात आमाला टोपी दिली ती बोटभर ल्हान. म्या बोललो का? न्हाई बोललो. आता सूनबाईला न्यायचंय. तिचा जीव माहेरी लागलाय, दिसतंय आमाला. पर ती गेली की घर सुनं पडतंय ओ. सकाळी च्या कोण देणार? हिच्या हातचा च्या म्हंजी नुसतं गरम पाणी."

"आवं!" विहीणबाई किंचाळल्या.

"म्हणून राग धरला, झालं. कारण घावलं ना! त्यांनी चांगली जपावी तिला. बास, एवढंच."

"धन्यवाद. आपला निरोप मी त्यांना देते."

"द्या बरं का ताई. नक्की द्या. म्हातारा इसराळू हाय."

मी हातभर अंतरावर बसलेलो!

फोन बंद झाला आणि काचेवर तो सगळा निरोप लिहून आला. मी चष्मा लावला आणि अक्षर अक्षर लावून मोठ्यानं वाचायला लागलो. टोपीपर्यंत पोचलो तेव्हा मधे आलेला चहा गार झाला होता. 'घर सुनं पडतंय' आलं तसे रंगराव उसाकडं बघायला लागले.

"आता कशाला वाचताय? ऐकलंय समद्यांनी."

"निरोप आलाय, रंगराव. पुरा वाचला पायजे."

"न्या ओ तिला! बुधवारी या आन न्या!"

बुधवारी नंदाला घेऊन आलो. ट्रंकेतली दुपटी पुन्हा बाहेर निघाली. नात झाली, नाक थेट रंगरावांचं. मी दत्ताला सांगून ते यंत्र चालूच ठेवलं. पण आता शहाणा झालेलो. फोन कायम हाताशी, पहिल्या घंटीला उचलायचा. यापुढं व्याह्यांचा अपमान होणे नाही!

नातीच्या बारशाच्या आदल्या दिवशी रंगरावांचा फोन आला. पहिल्याच घंटीला उचलला. "नमस्कार रंगराव! बोला!"

तिकडून रंगराव चमकून म्हणाले,

"कोण, आबा? तुमी का उचलला?"

"म्हंजी? फोन माझाच हाय की."

"आसंल. पर माझं काम तिच्यापाशी हाय. ती पुरतं ऐकून घेती. तुमी मधीच म्हशीवर जाता."

"आवो, पर नातीची खबर मला ठाव. तिला काय ठाव?"

"खबर तुमी सांगा की. कोण नगं म्हणतंय?" रंगराव म्हणाले. "आदी ठिवा फोन. मी परत लावतो. तिच्यापाशी निरोप ठिवतो, तुमी त्यो वाचा, आन मग सावकाशीनं मला कळवा."