आक्कांच्या घरचा संडास

मी संडासातनं बाहेर पडले तर दारातच आक्का उभ्या. मालकीणबाई. हातात फिनेलची बाटली. मी बाजूला व्हायच्या आत ओतायला सुरुवात केली. आधी आत, मग पायरीवर, मग मी चालले त्या फरशीवर. माझ्या पाठोपाठ, थेट यंत्रमागांच्या शेडपर्यंत. शेडमधल्या बायका बघत हुत्या.

"आमची घरची माणसं जातात तिथं," आक्का म्हणाल्या. "तुम्हाला एकदा सवय लागली की झालं!"

मी काय म्हणाले ठाऊक हाय? "चुकलं आक्का." हात जोडून. लघवीला गेले म्हणून माफी मागितली मी! सांगताना अजून कान तापत्यात. आणि जात म्हणाल तर आमची एकच. वडगावातच दोघी वाढलो. फक्त माग त्यांचे, मी कामाला.

शेडला संडास न्हाय. मागं मोकळी जागा हुती, तिथं आता तीनमजली घरं. खिडक्या सगळ्या आमच्याकडंच. मग करायचं काय? पाणी बंद. सकाळी अर्धा कप चहा, बास. दुपारची भाकरी कोरडीच गिळायची. घसा सुकला की तोंडात चिंचोका धरायचा. साडी पोटावर आवळून बांधायची. लघवीला लई आग व्हायची, घडीघडी ताप. डॉक्टरीण म्हणायची, पाणी प्या. मी व्हय म्हणायची. त्या दिवशी सोसवेना, म्हणून गेलते.

पण खरी लाज फिनेलची न्हाय. मला ह्या सगळ्याचा गर्व वाटायचा. आक्का पावण्यांना दाखवायच्या, "ही बघा, दिवसात एकदाबी उठत न्हाय." मी गालात हसायची. फिनेलनंतरबी हसले. आग लागो त्या हसण्याला.

पुढं शोभा कामाला आली. तिला पाचवा लागलेला. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं, "वैनी, हितं जायचं कुठं?"

मी कनवटीतनं चिंचोका काढून तिच्या हातावर ठेवला. "चघळ. पाणी पिऊ नको. आठवड्यात अंगवळणी पडतंय." पोटुशी बाईला मी तहान मारायला शिकवलं. आक्कांनी न्हाय, मी.

चौथ्या दिवशी शोभा मागापाशी कोसळली. ओठ पांढरे. साडी ओली झालेली. आक्का धावत आल्या आणि आधी मागावरचं कापड चाचपलं.

"डाग न्हाय न्हवं पडला?"

मी माझा माग बंद केला. शोभाच्या तोंडाला तांब्या लावला. ती सावरली तशी दंडाला धरून आक्कांच्या घरात शिरले.

"कुठं निघालीस गं?"

"संडासाला. हिला न्यायला, आणि मलाबी."

"विचारायची काय रीत हाय का न्हाय?"

"न्हाय विचारणार."

बाकीच्या बायकांचे माग चालूच हुते. एकीनंबी मान वर केली न्हाय. त्यांना नावं ठेवू कुठल्या तोंडानं? मी तरी काय करत आलते इतकी वर्षं?

शोभाला दवाखान्यात सलाईन लावलं. पोटातलं वाचलं. मी तिची माफी मागितली, ती काय बोलली न्हाय. न्हाय बोलली तेच बरोबर.

आता शेडमधे नवी बाई आली की मीच तिला हाताला धरून आक्कांच्या घरातनं नेते. दार उघडून देते. ती बाहेर येईपर्यंत दारात उभी राहते. कामावरनं काढायचं तर काढा. मला धरून बाजूला केल्याबिगर त्या दाराला कुणी हात लावायचा न्हाय.