फेस आणि उपाशी जंतू

आमची सून काचेच्या नळ्या धुते. माती तपासणारी प्रयोगशाळा आहे, तिथे. कुणी विचारलं की मी मात्र ऐटीत सांगते, "जंतू सांभाळते." थोडं वाढवून सांगितलं तर कुणाचं काय जातं?

तिथल्या मॅडमनी दोन वर्षं खपून असे जंतू घडवलेत की मातीत फॉस्फरस कमी असला की ते निळे पडतात. फॉस्फरस म्हणजे पिकाचं खाणं. माती पाण्यात ढवळायची, वरचं नितळ पाणी नळीत घ्यायचं, त्यात जंतू सोडायचे आणि रात्रभर ठेवायचे. पोट भरलं तर पांढरे, उपाशी राहिले तर निळे. आमच्या ह्यांचंही तसंच, फक्त हे उपाशी राहिले की लाल होतात.

सुनेला स्वच्छतेचं वेड. ते लावलं मीच. नवी होती तेव्हा तिच्या हातातलं ताट घेऊन म्हटलं होतं, "फेस नाही आला तर ते घासणं कसलं? नुसतं भिजवणं!" तिने ते पक्कं गाठीला बांधलं.

प्रयोगशाळेतल्या साबणाला फेसच येईना. मग ही बाई घरची भांड्यांची पावडर डब्यातून न्यायची आणि नळ्या पुन्हा घासायची. कुणाला न सांगता. वर मला सांगायची, "आई, आरशासारख्या चमकतात."

ती कामाला लागून दोन महिने झाले, आणि जंतू बिघडले तेही तेव्हापासूनच. एका शेताची माती साफ निकस, हे सगळ्यांना ठाऊक. तरी नळ्या पांढऱ्याच्या पांढऱ्या. मॅडमचं जेवणावरून लक्ष उडालं. वरून निरोप आला, सोमवारपर्यंत जमलं नाही तर हे जंतू उकळून टाका आणि काम बंद करा. काम बंद म्हणजे सुनेची नोकरीही गेली.

बुधवारी सुनेच्या हातून एक नळी फुटली. तिच्या जागी तिने खोक्यातली कोरी नळी ठेवली. गुरुवारी सकाळी बघते तर अकरा पांढऱ्या आणि ती एकटी निळी. मॅडम म्हणाल्या, "हीच काहीतरी बिघडलीय," आणि बाजूला ठेवली.

सून घरी आली ती चपलांसकट माझ्यासमोर येऊन बसली.

"आई, माझ्या हातच्या अकरा पांढऱ्या. जिला मी घासलं नाही ती निळी."

"मग?"

"मग काय मग! माझी पावडर जातेय त्यांच्या पोटात. त्यात असणार तो फॉस्फरस."

"एवढी विसळतेस तरी?"

"त्यांना कणभर पुरतं. जंतू आहेत ते, तुमचा मुलगा नाही!"

दोघी हसलो.

"सांगितलं तर काढून टाकतील," ती म्हणाली.

"आणि नाही सांगितलं तर?"

"जंतू उकळतील. मग मी घरीच."

"मग सांगूनच घरी बस. निदान मॅडम जेवतील तरी."

"आणि फेसाचं कुणी शिकवलं म्हणाल्या तर?"

"माझं नाव सांग. मला कोण कामावरून काढणार?"

शुक्रवारी तिने पावडरीचा डबा मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. मॅडमनी डब्याकडे बघितलं, निळ्या नळीकडे बघितलं, आणि स्टुलावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो ताई, दोन महिने मी त्या जंतूंना शिव्या घालतेय! बिचारे खरंच सांगत होते."

मग ओरडाही मिळाला, चांगला सणसणीत. नळ्या मॅडमनी स्वतः ॲसिडात बुडवल्या, सुनेने शुद्ध पाण्यातून सात वेळा काढल्या. फेसाचा थेंब नाही. "जीव नुसता कासावीस झाला, आई!"

शनिवारी बाराच्या बारा निळ्या. नोकरी राहिलीच, वर एक काम वाढलं: धुतलेल्या नळ्यांत आधी नुसतं शुद्ध पाणी घालून जंतू निळे पडतात का, ते सुनेनेच बघायचं.

मागच्या आठवड्यात हौसेने तिने आमच्या खिडकीतल्या कुंडीची माती नेली. नळी पांढरी. तिला वाटलं, नळीच नीट धुतली गेली नाही. नळ्या पुन्हा धुतल्या, तरी पांढरीच. शेजारची त्या निकस शेताची नळी मात्र छान निळी.

"आई, कुंडीत काय ओतता तुम्ही?"

"भांड्यांचं पाणी. फेसाचं. फुकट का घालवायचं?"

तिने कपाळावर हात मारला.

मी म्हटलं, "मॅडमना सांग, आमच्या घरात कुणी उपाशी राहत नाही."