पोळ्यांच्या डब्यात दोनशे व्होल्ट

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. घरात एक सोल्डरिंग गन आणि अंगात थोडी खुमखुमी असली की ते ड्रॉवरमधल्या स्क्रूंसारखे आपोआप साचत जातात. माझ्याकडे दोन्ही आहे.

माझा मित्र निल्या भांडुपला इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवतो. त्याला कुठूनतरी जुना, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हवाला माईक मिळाला, पण त्याचा पॉवर सप्लाय नव्हता. या माईकला चांगले दोनशे व्होल्ट लागतात. निल्याची आई गणपतीनंतर कायमची मालवणला राहायला जाणार होती. तिच्याकडची फुगडीची गाणी आता दुसऱ्या कुणालाच येत नाहीत. ती जायच्या आधी याच माईकवर घ्यायची, असं निल्याच्या मनात होतं.

"पक्या, जमेल का रे?"

"मी बनवतो ना! त्यात काय आहे!"

माझ्या आयुष्यातले बहुतेक घोळ याच वाक्यापासून सुरू झालेत.

*

सप्लायला धातूचं खोकं हवं. ओट्याखाली स्टीलचा पोळ्यांचा डबा दिसला. झकास साईझ! लगेच ड्रिलने भोकं पाडली. जेवायच्या वेळी बायको डबा शोधायला लागली, तेव्हा मी तो अभिमानाने तिच्यापुढे धरला. आत ट्रान्सफॉर्मर.

"छान," ती म्हणाली. "उद्यापासून पोळ्या तू कर. कशात ठेवायच्या तेही तूच बघ."

सप्लाय पूर्ण होण्याआधी मी गोल पोळी लाटायला शिकलो.

*

पहिल्यांदा चालू करताना पायात रबरी चपला, शॉक छातीतून जाऊ नये म्हणून एक हात खिशात, सगळं शिस्तीत. बटण दाबलं. फट्! घरात अंधार.

मी तावातावाने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "सगळ्यांची लाईट गेली का? काय हा कारभार!"

सेक्रेटरींचं उत्तर आलं, "फक्त तुमची. आवाज मात्र वरपर्यंत आला."

*

दुरुस्त केलेला डबा स्टुडिओत नेला. निल्याची आईही आली होती. मी डबा उघडून दोघांना सेफ्टीवर लेक्चर दिलं.

"स्विच बंद केला तरी या कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असतो. म्हणून कधीही असं बोट..."

पुढचं वाक्य मी सोफ्यावरून पूर्ण केलं.

निल्या म्हणाला, "हां, कळलं. पुढचा मुद्दा?"

*

मग हेडफोनमध्ये हम, म्हणजे विजेची घरघर, यायला लागला. घूंऽऽ. मी वायरी बदलल्या, कपॅसिटर बदलले, ट्रान्सफॉर्मर फिरवून बसवला. शेवटी एका रविवारी हम गायब! मी पेढे आणले.

सोमवारी शेजारच्या गाळ्यातलं पापडाचं मशीन सुरू झालं आणि हम परत आला.

*

रेकॉर्डिंगसाठी मग रविवारच ठरला. मी डबा पडद्यामागे ठेवला, प्लग लावला, स्विच चालू केला. शेजारी निल्याचा रोजचा साधा माईकही उभा होता, असू दे म्हणून. निल्याने मला चहा सांगायला खाली पिटाळलं. परत आलो तर आई सुरूच झाल्या होत्या.

काय गायल्या! पायाने ठेका, मध्येच हसू, फुगडी घालताना लागते तशी धाप. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. निल्या तर भिंतीकडे तोंड करून उभा होता. इतक्या महिन्यांच्या खटपटीचं सार्थक झालं, असं मला अगदी मनापासून वाटलं.

"ऐकलंस?" मी डोळे पुसत म्हणालो. "आवाजातला हा ओलावा व्हॉल्व्हचा! तुझ्या साध्या माईकमधून बापजन्मात आला नसता!"

निल्या वायरी गुंडाळायला लागला. आई चहा पीत होत्या.

मी डबा बंद करायला पडद्यामागे गेलो. हात लावला तर डबा गार. प्लग जमिनीवर पडलेला.

"निल्या?"

निल्या छताकडे बघायला लागला.

"तेका कित्याक ओरडतस?" आईंनी कप खाली ठेवला. "मीच काढूक सांगितलंय. माका गाणी म्हणूची होती झिला, मराचा नव्हता!"