रोह्यातला फुकटचा मुक्काम

हमरापूरहून बडोद्याला नोकरीसाठी निघालो त्या सकाळी बाबांनी मला जवळ घेतलं नाही. त्यांचे हात प्लास्टरने पांढरे झाले होते आणि माझा शर्ट नवा होता. लांबूनच म्हणाले, "जेवायच्या वेळेला जेव. कंपनी काय पळून जात नाय." घरच्या गणपतीच्या कारखान्यातला एक माणूस कमी होतोय, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. माझ्या वाटचं काम मोठ्या भावाने, दादाने, अंगावर घेतलं. म्हणून मी बडोद्यात शिफ्टा करू शकलो, पोरांना शिकवू शकलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी केलं ते काही फार शहाणपणाचं नव्हतं.

यंदा मे महिन्यात पोरांना गाव दाखवायचं ठरलं. खिशाला परवडेल अशीच सहल, म्हणजे स्लीपरची तिकिटं आणि डब्यात थेपले. प्रश्न होता मुक्कामाचा. मे म्हणजे कारखान्याचा ऐन हंगाम. ओटी, पडवी, माजघर, जिथे बघाल तिथे कच्च्या मूर्ती. लहानपणी आम्हीच अंग चोरून झोपायचो, त्यात आणखी चौघं कुठे मावणार? कंपनीतल्या एका मित्राचं रोह्यात बंद घर होतं. त्याने किल्ली दिली आणि मी खूश होऊन दादाला फोन केला, "आम्ही रोह्याला उतरतो. तुम्हाला उगाच त्रास नको."

"बरं," एवढंच म्हणून दादाने फोन ठेवला.

"सख्ख्या भावाला त्रास? हे कुठे शिकलात?" बायको म्हणाली.

रोह्याचं घर छान होतं, खिडकीतून कुंडलिका दिसायची. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने हमरापूरला निघालो. निडी, नागोठणे, पेण, पोरं स्टेशनांची नावं मोठ्याने वाचत होती आणि मी दादाच्या त्या "बरं"चा अर्थ लावत होतो. बाबा तर केव्हाच गेले, आता दादा तुटला तर माझं गाव म्हणून काय उरणार होतं?

वहिनीने खुर्च्या पुसून दिल्या. चहाच्या कपाखाली बशी आली. आमच्याकडे बशी फक्त पाहुण्याला. दादा एका मूर्तीला पॉलिश पेपर मारत बसला होता. "प्रवास बरा झाला?" त्याने मान वर न करता विचारलं. मी अगदी रडकुंडीला आलो. वहिनी मूर्ती अंगणात उन्हाला काढत होती, म्हणून मीही उठून हातभार लावायला लागलो. दोन नीट नेल्या. तिसरी घाईघाईत हाताला धरून उचलली, आणि बाप्पाचा आशीर्वादाचा हात माझ्या मुठीत राहिला.

"गाढवा!" दादा कडाडला. "बुडाला धरतात ना? बडोद्याला जाऊन सगळं धुऊन टाकलंस काय?"

पोरं घाबरली. वहिनी मात्र खुदकन हसली. "भावजी, आता तुमीच जोडा तो हात. तवर जेवण नाय."

खुर्ची सोडून मी जमिनीवर मांडी घातली. प्लास्टर कालवलं, हात बसवला, सांधा पुसून घेतला. दादाने त्यावरून बोट फिरवलं आणि "हं" केलं. मग उठून ओटीवरच्या मूर्ती एकमेकींना खेटून सरकवायला लागला. "चार अंथरुणं व्हतील. जा, त्या रोह्याच्या घराला कुलूप लावून ये."

माझ्यासारखे जे लांब जाऊन स्थिरावले, त्यांना माझं सांगणं एवढंच, की भिडेपोटी आपल्याच घरी पाहुणे होऊ नका. बडोद्यात मला सगळे साहेब म्हणतात. हक्काने गाढव म्हणणारं जगात आता एकच घर आहे, आणि देवाची कृपा, तिथे माझं अंथरूण अजून पडतं.